वरातीची मस्टँग

सखू गेली ते मला हॉस्पिटलखालच्या चहाच्या टपरीवर कळलं. सकाळी तिच्या खाटेजवळ बसलो होतो. तोंडावरचा मास्क बाजूला करून ती म्हणाली, "निळीच होती." मी म्हटलं, "तांबडी. घरी चल, मग भांडू." ती हसली. नर्सने मास्क परत लावला आणि मला बाहेर काढलं. मी खाली येऊन चहा सांगितला. अर्धा कप झाला असेल, तेवढ्यात माझा मुलगा देवेश जिन्यावरून धावत आला. आला आणि नुसता उभा राहिला. टपरीवाल्याने माझ्या हातातला कप काढून घेतला, तेव्हा मला समजलं.

भांडण आमच्या वरातीच्या गाडीचं होतं. लग्न एक्याऐंशी सालचं. सखू आंबिवलीजवळच्या गावची. आम्ही ठाण्याजवळच्या बाळकुमचे, तेव्हा भातशेती आणि मिठागरात काम. बापाला हौस मोठी. सिनेमावाल्यांना गाड्या पुरवणाऱ्या एका माणसाकडून त्याने दोन दारांची लांबलचक अमेरिकन मस्टँग भाड्याने आणली. पंढरीची बायको मस्टँगमधून आली, हे गावातले म्हातारे अजून सांगतात. रंग मात्र कुणालाच धड आठवत नाही. फोटो एकच, तोही काळा-पांढरा. मी म्हणायचो तांबडी, सखू म्हणायची निळी. मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी गोष्ट तिथेच जायची. "आपल्या वरातीची गाडी ज्याला आठवत नाय, त्याला मीठ काय कळतंय?" मिठागरवाल्याला हे ऐकून घ्यावं लागायचं.

ती गेल्यावर घरात भांडण उरलं नाही. सून विचारायची, मीठ बरोबर आहे ना? मी हो म्हणायचो.

मग एक दिवस देवेशने मोबाइल माझ्यासमोर धरला. माजिवड्याला जुन्या गाड्यांचा लिलाव होता. त्यात एक मस्टँग होती, एकोणसत्तरची, पूर्वी सिनेमात वापरलेली.

"पिवळी हाय ही," मी म्हटलं.

"आत्ता पिवळी आहे, बाबा. लिलावाआधी खरी-खोटी तपासतात. वरचा रंग खरवडला की खालचे जुने रंग दिसतात."

मी उठून शर्ट बदलला. देवेश म्हणाला, "अहो, लिलाव रविवारी आहे." मी शर्ट काढला नाही. इतकी वर्षं मी जिंकायला भांडलो होतो. आता मला हरायचं होतं. ती गाडी आमचीच निघावी आणि निळी निघावी, एवढंच पाहिजे होतं.

शनिवारी गाड्या बघायला ठेवल्या होत्या. साक्षीदार म्हणून मेहुणीला घेतलं. कमळाबाई सखूची धाकटी बहीण. वरातीत पाठराखीण म्हणून ती त्याच गाडीत मागे बसली होती. तिने नऊवारी नेसली, केसांत गजरा माळला. देवेश म्हणाला, "मावशी, आपण गाडी बघायला चाललोय, गाडीचं लग्न नाही."

"तू गप रं. गाडीने मना वळखायला नको?"

मैदानावर मांडव घातला होता. मस्टँगचा मालक दिपेश नावाचा कल्याणचा माणूस. ढगाळ दिवस होता तरी डोळ्यांवर काळा चष्मा.

"या काका! ही गाडी नाही, वाघ आहे वाघ. मूळ इंजिन, मूळ पत्रा, कधी ओरखडासुद्धा नाही. हात लावून बघा." मी हात पुढे केला तसा तो ओरडला, "नको नको, हात नका लावू!"

गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. पाठोपाठ एक मुलगी सरकत बाहेर आली. प्राची तिचं नाव, डोंबिवलीची. गाड्या तपासायला लिलाववाल्यांनीच तिला नेमलं होतं. तिने बॅटरी बंद केली आणि म्हणाली, "दिपेश, तुमच्या वाघाला टेम्पोचं डिझेल इंजिन आहे."

"ते ॲव्हरेजसाठी!"

"मग मूळ कसं?"

"इंजिन सोडून बाकी सगळं मूळ."

मी तिला सगळं सांगितलं. वरात, तांबडी, निळी, सखू. ती ऐकून घेऊन म्हणाली, "काका, तुमची गाडी हीच का, ते मी असं सांगू शकत नाही. पण रंग दाखवते." तिने दाराच्या खालच्या कडेला नखाएवढ्या जागेवर पॉलिश पेपर फिरवला. पिवळ्याखाली पांढरा निघाला. त्याखाली तांबडा. मी आणखी खाली वाकलो. त्याखाली निळा. देवेशने टाळी वाजवली.

"दोन्ही आहेत! ड्रॉ झाला, बाबा."

"थांबा, अजून आहेत," प्राची म्हणाली. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पुन्हा पांढरा. "सिनेमावाले दर सिनेमाला नवा रंग मारायचे. कुठला रंग कुठल्या साली होता, ते यावरून नाही कळत."

आता काय करायचं या विचारात आम्ही उभे होतो, तर गाडीतून आवाज आला. कमळाबाई कधीच आत शिरून मागच्या सीटवर बसली होती.

"दाजी, भोक बघा ना! भोक!"

"कंचं भोक?"

"आरं देवा! तुमच्या दारात डायवरने गाडी मागं घेतली नाय का? मिठाच्या गोणींची बैलगाडी उभी होती, तिचा दांडा पत्र्यात घुसला. माझ्या कानाशीच! डायवर रडाया लागला, मालक मारंल म्हणून. मंग तुमच्या बापाने गोणपाट कोंबलं न् वरून होडीचं डांबर फासलं."

मला यातलं काही माहीत नव्हतं. नवरदेवाला तेव्हा कोण काय सांगतं? मी आणि सखू तोवर उतरून पुढे पाटावर उभे होतो.

प्राचीने खिशातून चुंबक काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. उजव्या बाजूच्या पत्र्यावर ते टक टक चिकटत गेलं. मागच्या चाकाच्या वर आलं आणि हातात गळून पडलं. परत लावलं, परत पडलं. मग देवेशने लावून बघितलं. मग शेजारची गाडी बघायला आलेली दोन माणसं रांगेत उभी राहिली. प्रत्येक वेळी चुंबक पडलं की सगळे ओरडायचे.

"इथे पत्रा नाही, पुट्टी आहे," प्राची म्हणाली. "दिपेश, थोडं खोदू?"

"काय वेड लागलंय? वाघाची कातडी आहे ती!"

"खोदल्याबिगर मी उतरायची नाय," आतून कमळाबाई म्हणाली.

"आजी, उतरा हो, सीट मूळ आहे!"

"खोद, मंग उतरतंय."

मला माहीत होतं, तिला उतरताच येत नव्हतं. मागे दार नव्हतं आणि तिचे गुडघे पुढच्या सीटखाली अडकले होते. पण ती अशी ऐटीत मांडी थोपटत बसली की मीही गप्प राहिलो. लोक जमले. कुणीतरी तिला सरबत नेऊन दिलं. शेवटी दिपेशने चष्मा काढून घाम पुसला. "खोदा बाई. पण निघालं काही नाही, तर पुट्टी तुम्हीच भरायची."

प्राचीने पुट्टी टोकरली. ढलपा पडला. आत काळं, चिकट डांबर आणि त्यात गोणपाटाचे धागे.

मी खाली मातीतच बसलो आणि हसायला लागलो. आमची गाडी! बापाचं डांबर! देवेश मला उचलायला आला आणि तोही हसत खाली बसला.

"आता नीट बघा," प्राची म्हणाली. ती रॉकेलच्या फडक्याने डांबर पुसत होती. "डांबर त्याच दिवशी फासलं असेल, तर त्याच्या लगेच खाली जो रंग आहे, तोच वरातीचा. नंतरच्या रंगाऱ्यांचा हात इथे पोचलेला नाही."

मी मनात म्हणत होतो, निळी, निळी, निळी.

पत्र्याची आत वळलेली कड दिसली. हिरवी. पोपटासारखी हिरवीगार.

"हिरवी!" देवेश ओरडला. तशी कमळाबाई आतून म्हणाली, "हिरवीच होती. मना ठाऊक होतं."

"मंग इतकी वर्षं बोलली का नाय?"

"तुम्ही दोघं कोनाला बोलू देताव? मना कधी इचारलंत?"

मी पोट दुखेपर्यंत हसलो. दोघं चुकलो होतो! हळदीच्या दिवशी, बारशाला, गणपतीत पाहुण्यांसमोर, दोघं छातीठोकपणे चुकत होतो. मी कमळाबाईला हाताला धरून ओढली, देवेशने मागून ढकलली, प्राचीने सीट दाबून धरली. सरबताच्या ग्लासासकट ती बाहेर आली आणि गजरा वाघाच्या पोटात राहिला. बाहेर येताच तिने वरातीतलं गाणं धरलं आणि मी नाचलो. गुडघेदुखीचा माणूस मी, माजिवड्याच्या मैदानात टेम्पोच्या इंजिनाच्या गाडीभोवती नाचलो. दिपेश डोकं धरून बसला होता, त्यालाही उठवलं. तोही दोन पावलं नाचला.

नाचताना मी एकदा बाजूला वळलो. सखूला म्हणायचं होतं, बघ, तू पण खोटी. बाजूला देवेश होता. त्याने माझा हात धरला आणि आम्ही तसेच नाचत राहिलो.

प्राचीने तपासणीत लिहिलं की इंजिन बदललेलं, पत्रा दुरुस्त केलेला. बैलगाडीने भोक पडलं असं लिहायला तिने नकार दिला. कमळाबाई अजून तिच्यावर रागावलेली आहे. रविवारी गाडीवर फारशी कुणी बोली लावली नाही आणि देवेशने ती घेतली.

गाडी आता आमच्या अंगणात आहे. रंगाऱ्याने जुने सगळे थर काढले, भोक नीट केलं, राखाडी प्रायमर मारला आणि तेव्हापासून तो एक दिवसाआड विचारायला येतो. कमळाबाई आणि देवेश म्हणतात, खरा रंग हिरवा, हिरवाच द्या. तसा दिला तर बरोबरच आहे, पण सखूच्या तोंडून तो रंग मी कधी ऐकला नाही. निळा देऊन तिला जिंकवावं म्हटलं, तर आता ते खोटं होईल, आणि फुकटचं जिंकणं तिला आवडत नसे. तांबडा द्यायला माझं मन होत नाही.

मी रंगाऱ्याला पुढच्या आठवड्यात ये म्हणतो. गाडीला रंग द्यायचा राहिला आहे.