गणवेशाच्या चौतीस पिशव्या

थॉर्नबी कंपनीची कपड्यांची साठ दुकानं एका सकाळी बुडाली आणि इंग्लंडातल्या बार्न्सली गावच्या दुकानातल्या ग्लेनिसला ते रेडिओवरून कळलं. बावीस वर्षांची नोकरी, आणि कळवायला रेडिओ! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नोकरी गेली ती गेलीच. पण मागच्या खोलीत गणवेशाच्या चौतीस पिशव्या होत्या, प्रत्येकीवर पोराचं नाव. जानेवारीपासून आठवड्याला दोन-तीन पौंड भरायचे आणि शाळा उघडायच्या आधी, ऑगस्टअखेर गणवेश न्यायचा, ही इथली जुनी रीत. निम्म्या आया ग्लेनिसच्याच गल्लीतल्या, तिच्या शब्दावर पैसे भरणाऱ्या.

दिवाळखोरीचा कारभार बघायला आलेला प्रेंटिस तिशीतला, मऊ बोलणारा. त्यानं समजावलं की पिशव्या आता कंपनीची मालमत्ता. आयांनी अर्ज करावा. वर्षा-दोन वर्षांत पौंडामागे, म्हणजे शंभर पेन्सांमागे, चार पेन्स मिळतीलही. माल शनिवारी अर्ध्या किमतीत विकायचा.

"विकणार कुणाला?" ग्लेनिसनं विचारलं. "स्वेटरवर आमच्या टेकडीवरच्या शाळेचा बिल्ला शिवलाय. घेणार त्या ह्याच बाया. एकाच कपड्याचे दोनदा पैसे."

"नियम मी केलेले नाहीत," प्रेंटिस म्हणाला. वर हेही ऐकवलं की मालाला हात लावणारीला चोर म्हणून कामावरून काढू, मग नोकरी गेल्याची भरपाई विसरायची. चोर तो चोर, वर शिरजोर! त्या भरपाईवर ग्लेनिसनं वर्षभराचं घरभाडं धरलं होतं. दात-ओठ खात तिनं मागच्या खोलीला कुलूप घातलं.

शुक्रवारी दुपारी शेजारची कर्स्टी पोराला घेऊन दुकानाच्या दारात आली. मागे आणखी दहा-बाराजणी होत्या.

"ग्लेनिस मावशी, खरं सांग," ती हळूच म्हणाली. "आमचे पैसे तू तर नाही ना खाल्लेस?"

लहानपणी हिच्या पहिल्या गणवेशाचं माप ग्लेनिसनंच घेतलं होतं. ती सरळ मागे गेली, कुलूप काढलं, पिशव्या दोन्ही हातांनी ओढत गल्ल्यापाशी आणल्या आणि एकेक नाव पुकारायला लागली. ज्या आल्या नव्हत्या त्यांच्या पिशव्या शेजारणींच्या हाती सोपवल्या. कर्स्टीनं आपली पिशवी खाली मान घालून घेतली.

प्रेंटिस धावत आला तेव्हा शेवटची पिशवी दाराबाहेर पडत होती. त्यानं वही उघडली. पाच दिवस हा माणूस तिच्या हातचा चहा पीत होता.

"तुमचं नाव काय?" त्यानं विचारलं.

ग्लेनिसनं छातीवरची नावाची पट्टी उपटली आणि त्याच्या वहीवर आपटली.

"नीट उतरवून घे," ती म्हणाली.