वरून घालायचं तेल

सुभानरावांच्या हातून आयुष्यात दूध एकदाच जळलं, आणि त्या एका पातेल्यानं त्यांचा घात केला.

रिफायनरीच्या फायर स्टेशनात चौतीस वर्षं काढलेला माणूस. दूध गॅसवर ठेवून गॅलरीत पेपर घेऊन बसला, पेपरात एका जुन्या सोबत्याच्या निधनाची बातमी निघाली आणि त्यात हरवला. पातेलं काळं झालं, भिंत काळी झाली, शेजारचे जयवंतराव धावत आले. पण वासणा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये त्यावरून कुणी त्यांना एका शब्दानं बोललं नाही. हेच तर वाईट झालं. मुलानं, विक्रमसिंहानं, ओट्याखालच्या सिलिंडरच्या कपाटाला मुकाट्यानं कुलूप बसवलं आणि किल्ली सुनेच्या पर्समध्ये गेली. बँकेत निघताना संयोगिता गॅस बंद करी, कुलूप लावी आणि गावच्या गुजराती वळणानं म्हणे, "आबा, डबा टेबलावर आहे हं. आराम करा ने तुम्ही."

सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नुसता आराम. बायको गेल्यावर सात वर्षं त्यांनी स्वतःच्या हातानं रांधून खाल्लं होतं. त्यांच्या हातचा मटणाचा रस्सा खायला व्याही मुद्दाम अकोट्याहून येत. आता चहासुद्धा थर्मासातला. डॉक्टर सहज म्हणून गेले होते की या वयात विसर पडतोच, तेवढंच वाक्य घरानं घट्ट धरून ठेवलं. भांडावं तर कुणाशी? सून जीव लावणारी, मुलगा कधी उलटून न बोलणारा. प्रेमानं कोंडलेल्या माणसाला ओरडायचीही सोय नसते. सुभानरावांना फक्त ती किल्ली हवी होती. मागायची लाज वाटे, आणि मागून मिळाली नाही तर काय, या भीतीनं तोंड उघडत नसे.

संयोगिताच्या चाळिसाव्या वाढदिवसाला विक्रमसिंह त्यांना फतेगंजातल्या एका दुकानात घेऊन गेला. तिला घरी नवंनवं करून बघायची हौस, म्हणून मिरची मुरवलेलं ऑलिव्ह तेल द्यायचं त्याच्या मनात होतं.

"आबा, तुम्हीच निवडा. स्वयंपाकातलं तुम्हाला कळतं."

कळतं म्हणे. आणि घरी कुलूप. सुभानराव निवडायला मात्र असे बसले की जणू परत कामावर रुजू झाले. दुकानातली मुलगी पावाच्या तुकड्यावर थेंब टाकून पुढे करीत होती. पहिलं तेल नुसतंच लालभडक. वासावरूनच कळलं, सगळा रंगाचा खेळ आहे. दुसऱ्यात लसूण एवढा की मिरचीचा पत्ताच नाही. तिसरी बाटली काळपट काचेची. ते तेल जिभेवर आधी जरा कडवट, हिरवं लागलं, आणि मग घशाशी हळूच तिखट उठलं ते बराच वेळ बसेना. हेच, ते म्हणाले.

"अंकल, आने गरम नहि करवानुं," मुलगी गुजरातीत म्हणाली. "उपरथी ज नाखवानुं."

"जराय नहि?"

"जराय नहि. बळी जशे."

विक्रमसिंह पलीकडे फोनवर बोलत होता. सुभानरावांच्या मात्र छातीत काहीतरी उडी मारून गेलं. तापवलं तर जळेल, नुसतं वरून घालायचं. विस्तवाशिवाय फोडणी! दहीभातावर घ्या, काकडीवर घ्या, भर दुपारी, एकट्यानं, कुणाच्या किल्लीवाचून. भेट सुनेसाठी होती, पण बाटली बांधून घेताना म्हातारा स्वतःसाठीच हरखला होता.

संध्याकाळी केक झाल्यावर त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "मिरची आहे, हातात देत नाही. घे उचलून." मिरची हातात दिली की भांडण होतं, म्हणून त्यांची बायको शालिनी ती नेहमी खाली ठेवी, आणि घरात अजून तीच रीत होती.

संयोगिता खूश झाली. "उद्या रविवार. डाळीला याचीच फोडणी देते, आबा."

सुभानराव सांगणारच होते. तेवढ्यात तिनं बाटली उचलली, ओट्याखालच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. "काचेची आहे. तुमच्या हातून सटकली तर पायात जायची काच."

सिलिंडरशेजारी तेल! चौतीस वर्षांच्या नोकरीनं आत टाहो फोडला. पण उघडलेलं तोंड त्यांनी मिटून घेतलं. दे फोडणी, त्यांना वाटलं. या घरात माझ्या एकट्याच्याच नावावर जळकं पातेलं का असावं?

रात्रभर ते वाटणं काही गेलं नाही आणि सकाळी लाजही वाटली. तरी ते बोलले नाहीत.

अकराच्या सुमारास संयोगितानं फोडणीच्या कढल्यात ते तेल ओतलं आणि रोजच्या सवयीनं धूर येईपर्यंत तापू दिलं. मोहरी पडली, तेलातले मिरचीचे तुकडे क्षणात काळे झाले आणि असा खाट उठला की सगळ्या घराला ठसका लागला. डोळ्यांना पदर लावून ती आंधळ्यासारखी ओटा चाचपडू लागली. सुभानराव नाकाला रुमाल लावून आत शिरले, गॅस बंद केला, कढल्यावर ताट पालथं घातलं, खिडकी उघडली. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील. वर्षानंतर त्यांचा हात त्या गॅसला लागला होता.

खोकला थांबल्यावर विक्रमसिंहानं बाटली घेऊन मागचं वाचलं. मग वडिलांकडे बघून त्याचा आवाज मऊ झाला. "आबा, गरम करायचं नाही असं लिहिलंय. त्या मुलीनंही सांगितलं असेल ने? विसरलात तुम्ही. जाऊ द्या, होतं असं."

संयोगिताच्या लाल डोळ्यांतही तीच दया उतरली. सुभानरावांना समोर दोन वाटा दिसल्या आणि दोन्ही वाईट. हो म्हटलं की संपलं. सगळे माफ करतील आणि ते कुलूप मरेपर्यंत राहील. नाही म्हटलं तर हे दोघं पुन्हा आपल्याकडे असं मायेनं बघतील की नाही, देव जाणे.

"विसरलो नाही," ते म्हणाले. "'आने गरम नहि करवानुं, उपरथी ज नाखवानुं.' शब्दन् शब्द लक्षात होता. मुद्दाम सांगितलं नाही."

"का?" संयोगिता म्हणाली.

"तुझ्या हातून एकदा जळावं म्हणून."

विक्रमसिंह काहीतरी बोलायला गेला, पण तिनं त्याला हातानंच थांबवलं. ती सुभानरावांकडे बघत राहिली. डोळ्यांतली दया हळूहळू ओसरली.

"डोळे गेले असते माझे," ती म्हणाली. "लाज वाटायला हवी तुम्हाला."

"वाटते."

तिनं पर्स आणली, किल्ली काढली आणि टेबलावर आदळली.

"हातात देत नाही," ती म्हणाली. "घ्या उचलून. आणि ते कढलं तुम्हीच घासायचं."

सुभानरावांनी किल्ली उचलली. वर्षभरात त्यांच्यावर पहिल्यांदाच कुणी रागावलं होतं. कढलं घासताना त्यांचे डोळे वाहत होते, आणि धूर तर केव्हाच निघून गेला होता.