खांद्याला कुठं सोमवार?

सोमवारची पूजा आटपून मी कपाळाला विभूती लावत होते, तेवढ्यात ओसरीवर सासऱ्या-सुनेचा वाद सुरू झाला.

"मामा, सोयाबीन आजच शेडात आणाय पायजे," मंजुश्री म्हणत होती. "दुपारनंतर पाऊस हाय."

आमच्या मालकांनी, वीरण्णांनी, वर बघितलं. आभाळ धुतल्या परातीसारखं लख्ख. "कुठाय? मला तर एक ढग दिसंना."

"हितनं न्हाई दिसायचे. तेलंगणावर हायत." तिनं मोबाईल पुढं केला. सून लातूरला शेतीचं शिकलेली. "वरनं सॅटेलाइट बघतंय. ढग किती उंच, किती गार, त्यावरनं हवेत पाणी किती भरलंय ते काढत्यात. हे पांढरं समदं आपल्याकडंच सरकतंय."

"ते बसलंय तिकडं वर. त्याला हितला सोमवार ठावं हाय का?"

घोडं तिथंच अडलं होतं. आमच्यात सोमवारी बैल जुपत नाहीत, तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा दिवस. ट्रॅक्टर म्हणावा तर पांदीतल्या चिखलात शिरेना. आणि रानात कापून पडलेलं ते सोयाबीन म्हणजे पुढल्या पेऱ्याचं बियाणं. भिजलं की उगवण गेली.

"आत्या, तुम्हीच सांगा आता," मंजुश्री माझ्याकडं वळली.

नेम मोडा, असं मी कसं सांगणार? हळूच म्हटलं, "सुट्टी बैलाला हाय. आपल्या खांद्याला कुठं सोमवार हाय?"

मालक माझ्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी डोईचा रुमाल सोडला आणि घडी करून खांद्यावर ठेवला.

बैलगाडीच्या जुवाच्या एका अंगाला मालक, दुसऱ्या अंगाला लेक संगमेश्वर. मागनं ढकलायला आम्ही सासू-सुना. गोठ्यातले दोघं बसवण्णा निवांत रवंथ करत आमच्याकडं बघत होते. पांदीत शेजारचा मलप्पा भेटला.

"वीरण्णा, शेपूट घरीच इसरलास व्हय?"

"हसतोस काय. चाक रुतलंय, हात लाव."

लावला बिचाऱ्यानं. तिसरी, शेवटची खेप शेडात शिरली आणि पत्र्यावर ताशा वाजायला लागला. मालकांनी एक शेंग फोडून बघितली. दाणा कोरडा होता. मग खांद्याला खोबरेल चोळून घेत बसले. सुनेला शाबासकी द्यायची लई जिवावर आली असावी.

पुढल्या रविवारी मात्र चहाच्याही आधी तिच्यापाशी आले.

"मंजू, उद्याचं आजच बघून सांग," म्हणाले. "आज बैल जुपता येत्यात."