लाटवीर आणि बांगड्यांचा वास

मित्रांनो, मला विकत घेऊन विनीत सरांना काय मिळणार होतं? जिल्ह्यात पहिला नंबर. रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल. बालविभागात नवी पुस्तकं दिसली की तपासणीला येणारे पाहुणे खूश होणार, हा त्यांचा हिशेब. मी एक जुनं कॉमिक आहे, पण तेव्हा माझ्या पानांना शाईचा वास होता.

माझा नायक लाटवीर. बुडणाऱ्याला एका हाताने समुद्रातून वर काढतो. पण त्याचा रापलेला चेहरा आणि फाटका सदरा बघून किनाऱ्यावरचे शिपाई दर वेळी आधी त्याचेच खिसे तपासतात. शेवटच्या चार पानांत सगळं गाव त्याची माफी मागतं.

मिरकरवाड्याच्या कोळीवस्तीतली दिशा शाळा सुटल्यावर मला बाकावर बसून वाचायची. रोज चारच पानं. गोष्ट संपूच नये असं तिला वाटायचं. मग खुणेला जाळ्याचा निळा दोरा. इतक्या हळुवारपणे मला कुणी हाताळलं नाही. आता शेवटची चार उरली होती.

त्या बुधवारी सरांनी मला नातीसाठी घरी नेलं, नोंद न करता, बाजाराच्या पिशवीतून. पिशवीत आधीच बांगडे होते. मनस्वीने एका बैठकीत माझा फडशा पाडला. सकाळी मी परत फळीवर, शाईचा वास गमावून.

दुपारी सरांनी मला उचललं आणि नाक मुरडलं. कालची पिशवी त्यांच्या ध्यानातच नव्हती. त्यांनी दिशाला बोलावलं.

"पुस्तक घरी नेलं होतंस?"

"नाही सर. मी इथेच वाचते."

"मग हा वास काय माझ्या घरचा?"

दिशाने आपले हात हुंगून बघितले. मग वाचनालयाचं कार्ड टेबलावर ठेवून ती निघून गेली.

झाडलोट करणाऱ्या सगुणाबाई केर भरता भरता म्हणाल्या, "बुधवारी वास आख्ख्या रत्नागिरीला येतो, सर. काल तुमची पिशवी पण ठिबकत होती."

सरांचा चेहरा उतरला. दोन दिवस ते दाराकडे बघत होते. ती आली असती तर काही बोललेही असते. तिच्या घरी जायला मात्र त्यांना सवड झाली नाही. बांगडे आणायला ते दर बुधवारी मिरकरवाड्यातच जातात.

वास पसरू नये म्हणून मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. इथे मी आणि डांबराच्या गोळ्या. कुणाच्या पावलांचा आवाज आला की शाळा सुटायची वेळ झाली का, याचा मी अजून अंदाज घेतो.

मित्रांनो, मला कव्हर घाला, पानं दुमडू नका, असं मी सांगणार नाही. दुसऱ्याचे खिसे तपासण्याआधी आपली पिशवी उघडून बघा, एवढंच.

सरांना पहिला नंबर मिळाला. मनस्वीला गोष्ट मिळाली. निळा दोरा अजून खिसे तपासतात त्याच पानावर आहे. पुढची माफीची चार पानं तेवढी वाचायची राहिली, आणि ती दिशाची राहिली.