पेटीत काय होतं?

मित्रांनो, मला डोळे नाहीत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी एक जुनी कॅसेट आहे, साठ मिनिटांची. मला जे काही ठाऊक आहे ते सगळं ऐकून. आणि ज्याला दिसत नाही त्याला चौकशांची खोड किती दांडगी असते, ते माझी गोष्ट ऐकलीत की कळेल.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. तपकिरी फीत कापली, दोन चाकांवर गुंडाळली, चार-पाच स्क्रू आवळले आणि दिलं बाजारात सोडून. १९८९ साली जळगावच्या एका दुकानातून सुनंदाबाईंनी मला घेतलं. त्या शाळेत शिक्षिका, त्यांचे यजमान तोतारामभाऊ पाइपच्या कारखान्यात फिटर. मला वाटलं, आता माझ्यात गाणी भरतील, चार लोकांत मिरवीन. कशाचं काय! बाईंनी मला टेपरेकॉर्डरमध्ये घातलं, टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवला आणि स्टूल टीव्हीच्या तोंडाशी सरकवलं. मग घरात फर्मान निघालं की आता अर्धा तास कोणी ब्र काढायचा नाही.

हे सगळं चाललं होतं सुनंदाबाईंच्या थोरल्या बहिणीसाठी. तिचं नाव द्रौपदाबाई, पण सगळे तिला अक्काच म्हणत. साक्री तालुक्यात डोंगराआडच्या गावात ती राहायची. तिथे वीज होती, पण टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या दिसायच्या. सुनंदाबाईंच्या बाळंतपणाला म्हणून अक्का दोन महिने जळगावला आली होती. बाळाला टोपरं शिवता शिवता तिला दर गुरुवारी संध्याकाळी लागणाऱ्या एका मालिकेचा नाद लागला. वत्सला नावाची एक बाई, तिचे दोन भाऊ, आणि त्यांच्या मेलेल्या आईची कुलूपबंद लोखंडी पेटी. किल्ली हरवलेली. पेटी कोणाची, यावरून भावांची जुंपलेली. मालिका तेरा भागांची होती. चार भाग झाले आणि अक्काला गावी भुईमुगाच्या काढणीला परतावं लागलं.

निघताना ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "सुनंदा, त्या पेटीमा काय शे ते माले समजाले पाहिजे. नही ते मन्हा घास उतरनार नही."

हे काही नुसतं मालिकेचं वेड नव्हतं, मित्रांनो. या दोघी बहिणींची आईही अशीच एक पेटी ठेवून गेली होती. तेव्हा अक्का नऊ वर्षांची, सुनंदा दीड वर्षाची. घराच्या वाटण्या झाल्या, पेटी काकाच्या वाट्याला गेली, आणि काकाने ती कुलपासकट भंगारवाल्याला घातली. आत काय होतं ते दोघींना कधीच कळलं नाही. आईची म्हणून एक चिंधीसुद्धा त्यांच्याकडे राहिली नाही. धाकटीला काखेत घेऊन वाढवलं ते अक्कानेच.

अक्काला वाचता येत नव्हतं, म्हणून पत्राचा उपयोग नव्हता. म्हणून मी. गुरुवारी मी भाग ऐकायचा, शुक्रवारी एस.टी.चे कंडक्टर चिंधाभाऊ यांच्या खाकी पिशवीतून धुळ्यावरून साक्रीकडे जायचं, आणि सोमवारपर्यंत परत यायचं. पुढच्या गुरुवारी माझ्यावरचा जुना भाग पुसून नवा भरला जाई. पाचवा गेला, सहावा आला. पुसलं जाताना दुखत नाही, पण आदल्या आठवड्यात आपण काय होतो तेच आठवत नाही, हे काही बरं वाटत नाही.

मला एक कोडं मात्र सुटत नसे. मालिकेत मधेच सगळे गप्प होत. नुसती पावलं वाजत, दार करकरे, आणि मी मनात म्हणे, अरे, काय चाललंय काय? सुनंदाबाईंना ते कळलं असावं. त्या टेपरेकॉर्डरशी तोंड आणून कुजबुजू लागल्या, "अक्का, आता ती जिना चढतेय. हातात कंदील आहे. थोरला भाऊ दाराआड उभा आहे." तोतारामभाऊंची शिंक, बाळाचं रडणं, कुकरच्या शिट्ट्या, हे सगळंही माझ्यात भरलं जाई. गावी अक्काच्या ओट्यावर दहा-बारा बायका शेंगा फोडत ते ऐकत. शेजारच्या भागाबाई कुकरची शिट्टी झाली की म्हणत, "सुनंदाना घर आज डाळ शे." माझं असं कौतुक पुढे कधी झालं नाही.

आला तेरावा भाग. किल्ली सापडली. वत्सला माडीवर गेली. कुलूप खटकन उघडलं, झाकण करकरलं, आणि गेली लाइट.

अख्ख्या गल्लीतून एकच ओरडा उठला. टेपरेकॉर्डर सेलवर होता, म्हणून मी आपली फिरत राहिले आणि तो ओरडा ऐकत राहिले. लाइट आली तेव्हा टीव्हीवर बातम्या चालू होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदाबाईंनी शाळेत सगळ्यांना विचारलं. ज्यांच्याकडे लाइट होती त्यातल्या एकीने सांगितलं की पेटीत दागिने होते. दुसरी म्हणाली, दागिने कुठले, पेटी रिकामीच होती. तिसरीचं नेमकं तेव्हा दूध उतू गेलं होतं. आणि दुपारी बाराला चिंधाभाऊंची गाडी सुटणार होती.

बाई मधल्या सुट्टीत घरी आल्या. मला मागे फिरवून झाकण करकरलं तिथवर आणलं आणि आवाज भरायचं लाल बटण दाबलं. नेहमीसारखं तोंड टेपरेकॉर्डरशी आणलं. मग म्हणाल्या, "अक्का, पेटी उघडली. वर हिरवं लुगडं आहे. त्याच्या घडीत दोन टोपरी. एक थोरलीचं, एक धाकटीचं. आईनं दोन्ही जपून ठेवलीत." त्यांचा आवाज कापत होता, तोही माझ्यात उतरला.

ओट्यावर हे ऐकलं तेव्हा शेंगा फोडायच्या थांबल्या. कोणी नाक ओढलं. भागाबाई तेवढ्या म्हणाल्या, "पन वत्सलाले बहीन कोठे व्हती? तिले ते दोन भाऊ ना?"

"तू शेंगा फोड," अक्का म्हणाली.

त्या सोमवारी तिने मला परत पाठवलं नाही. चिंधाभाऊंनी सांगितलं तशा माझ्या पाठीच्या दोन बारीक टिकल्या तिने तोडल्या. त्या तोडल्या की कॅसेट पुसता येत नाही. मला चहाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. वर्षं गेली. गावाजवळ टीव्हीचा टॉवर आला, रंगीत टीव्ही आले, ओट्यावरच्या बायका आपापल्या घरात बसू लागल्या. डब्यात माझी फीत चिकटायला लागली. एका श्रावणात अक्काच्या पुतण्याने, पुनाने, मला बाहेर काढलं. घरी कानबाई देवी बसली होती, तिची गाणी भरायला त्याला कॅसेट हवी होती. तुटलेल्या टिकल्यांच्या भोकांवर त्याने चिकटपट्टी लावली, की झालं, मी पुसायला मोकळी. अक्काने हातातलं नैवेद्याच्या रोटाचं पीठ तसंच टाकलं आणि मला त्याच्याकडून काढून घेतलं. ते पीठ अजून माझ्या एका स्क्रूत आहे.

मग १९९७ साली भाईदासभाऊ आले. त्यांचं धुळ्याला रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. तेही त्या मालिकेचे वेडे. त्यांनीही टीव्हीसमोर टेप ठेवून बारा भाग भरले होते. तेराव्याच्या दिवशी मात्र बहिणीच्या साखरपुड्याला चाळीसगावला जावं लागलं, आणि ती चुटपुट त्यांना आठ वर्षं लागून राहिली होती. मालिका बनवणाऱ्यांकडे त्यांनी पत्रं लिहून विचारलं, तर उत्तर आलं की त्या टेपांवर केव्हाच दुसरं काही भरलं, आता काही शिल्लक नाही. म्हणजे मोठ्या टेपांची गतही माझ्यासारखीच झाली होती. मग दुकानात ट्रान्झिस्टर घेऊन आलेल्या चिंधाभाऊंनी त्यांना माझा पत्ता दिला.

हे कळल्यावर सुनंदाबाईही जळगावहून धावत आल्या. का, ते तुम्ही ओळखलं असेल. परका जाणता माणूस मला ऐकणार, आणि आठ वर्षांपूर्वीचं खोटं अक्कासमोर उघडं पडणार. त्यांनी म्हणून पाहिलं, "कॅसेट खराब झाली असेल हो, कशाला उगीच?" पण भाईदासभाऊंनी मला उघडलं, चिकटलेली फीत नखाने अलगद सोडवली, पेन्सिल घालून फिरवली आणि लावलं.

पेटी उघडली. लुगडं निघालं, टोपरी निघाली. भाईदासभाऊंनी टेप थांबवला, मागे घेतला, पुन्हा ऐकला. "ताई," ते सुनंदाबाईंना म्हणाले, "झाकण उघडल्यावर टीव्हीचा आवाजच नाही इथे. दर भागाच्या शेवटी बासरी असते, तीही नाही. यात तुम्ही एकट्याच आहात."

सुनंदाबाई अक्काजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "लाइट गेली होती, अक्का. मी खोटं सांगितलं तुला."

"माले ठाऊक शे," अक्का म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिलाच दिवसपासून." अक्काने धाकटीची पाठ थोपटली. "टीव्हीवालास्नी पेटीमा काय व्हतं, ते देव जाने. मन्ही पेटी मन्ही बहीननी उघाडी दिन्ही."

सुनंदाबाई रडल्या, बराच वेळ रडल्या. भाईदासभाऊ ओट्यावर जाऊन बसले. नंतर त्यांनी माझी नक्कल करून घेतली, आणि ती करताना शेवटची कुजबुज कापली नाही. माझ्यावर नवा कागद चिकटवून त्यांनी लिहिलं, "भाग तेरावा. शेवट सुनंदाबाईंचा." ते अक्षर मला दिसलं नाही, पण त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी कॅसेट धूळ खात पडली असेल. तिच्यावर काय लिहिलंय ते वाचून ती टाकू नका. भोकांवर चिकटपट्टी लावण्याआधी एकदा तिला शेवटपर्यंत ऐका, तिच्यात कुणाची तरी कुजबुज असू शकते.

मालिकेतल्या पेटीत खरोखर काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही. भाईदासभाऊ अजून शोधताहेत, आणि मीही डब्यात पडल्या पडल्या तोच विचार करते. अक्काने मात्र ते पुन्हा कधी कुणाला विचारलं नाही.