एकमेकींच्या जामीन

"चल, ऊठ," अक्का म्हणाल्या. "आम्ही दोघी आहोत ना बरोबर. तो काय खातोय तुला?"

शिलाईवाली मावशीच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. ओठ फुटलेला. नवऱ्याने मारलं म्हणून परवा निघून आली, पण बचत गटाच्या कर्जातून घेतलेलं मशीन तिकडेच राहिलं. गटात सगळ्या एकमेकींच्या जामीन. एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांचं पुढचं कर्ज अडकतं. अक्का गटाच्या अध्यक्ष, आणि यंदा दुकानात किराणा भरायला त्यांचाच अर्ज पुढे होता. "गटात ये, मग बघू कोण हात उचलतो," असं तिला त्यांनीच सांगितलं होतं.

"अक्का, मला न्यायला आलात की हप्त्याला?"

"एकच की गं ते," अक्कांबरोबर आलेली गटातली दूधवाली म्हणाली. "म्हैस लाथा मारते म्हणून मी धार काढायची सोडते का?"

तिघी हसल्या. शिलाईवाली ओठावर हात धरून हसली.

तिघी तिच्या घरी पोचल्या तेव्हा नवरा दारातच उभा होता, लोण्यासारखा मऊ. "या अक्का, बसा. पाणी घ्या." मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "बघितलंस? तुझीच माणसं तुला परत आणून सोडतात."

अक्कांनी पेला हातात घेतला. देवाने माणसाला लाज दिली ती उगीच नाही. पण ती येते कशी, तर सगळं करून झाल्यावर. त्यांनी पेला खाली ठेवला.

"अगं दूधवाली, तिकडून धर."

"काय धरू?"

"मशीन."

"अहो, घरातली वस्तू आहे ती!" नवरा आडवा आला.

"कर्ज फिटेपर्यंत गटाची आहे. सरक बाजूला. आणि तू गं, बघतेस काय? कापडं उचल."

अक्कांच्या किराणा दुकानात, गोण्यांच्या मागे, मशीन कसंबसं बसलं. शिलाईवाली त्याच्यापुढे बसली. अंधारून आलं होतं. दिव्याचं बटण तिच्या डोक्यावरच्या भिंतीत. अक्कांनी हात वर केला, तशी ती दोन्ही हातांत डोकं घेऊन खाली वाकली.

अक्कांचा हात तसाच वर राहिला.

"दिवा लावत होते गं."

"माहीत आहे, अक्का."

तिने उठून स्वतःच दिवा लावला आणि मान खाली घालून सुईत दोरा ओवू लागली. गिऱ्हाईक बाहेरून हाका मारत होतं. अक्का गोण्यांआडून लवकर बाहेर आल्या नाहीत.