पिवळा लेप

"पाल्या रे बापा पाल्या, तुह्या अंगी गुन किती,
सांगू नये कोनाले रे, गुन उडून जाती."

पाट्यावर पाला वाटता वाटता सिंधूआत्या हे गुणगुणायची. तो आवाज शेखरच्या कानात तीस वर्षं मुरलेला होता. नऊ वर्षांचा असताना त्याच्या पायाचं गळू पिकलं, आणि आत्याच्या पिवळ्याधमक लेपानं चार दिवसांत सुकलं. औषध देणाऱ्यानं औषध सांगायचं नाही, सांगितलं की गुण जातो, हा पिंपळगाव राजातला कायदा. म्हणून शेखरनं विचारलं नाही. तो तिच्या मागोमाग नाल्यावर गेला, बाभळीआडून पाला पाहून घेतला, आणि मोठेपणी हैदराबादच्या औषध कंपनीत रसायनतज्ज्ञ झाला. चोरून पाहिलेल्याला तिथं संशोधन म्हणतात.

सहा वर्षं त्यानं त्या पाल्याला सुखानं जगू दिलं नाही. उकळला, गाळला, त्यातला एकेक घटक सुटा केला. एक रेणू हाती लागला. मग त्याला इथं शेपूट जोड, तिथं कान काप, असं करत त्याची दोनशे चौदा रूपं बनवली. संगणकावर जंतूच्या अंगातला एक खळगा दिसे. त्यात प्रत्येक रेणू मांडवातल्या जावयासारखा ऐटीत बसे. जंतू वाढवलेल्या खऱ्या काचेच्या बशीत टाकला, की जंतू ढिम्म. दर वेळी अहवालात शेखर लिही, 'निष्कर्ष उत्साहवर्धक.'

एकच गोष्ट त्याला डाचत होती. रस हिरवा येई, आत्याच्या लेपासारखा पिवळा कधीच नाही. हळदही घालून पाहिली होती.

शेवटी वरिष्ठ निवेदिता मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "सोमवारपर्यंत काहीतरी दाखवा. नाहीतर प्रकल्प बंद, आणि तुम्हीही मोकळे."

रविवारी सकाळी तो आत्याच्या ओसरीवर हजर.

"आत्या, पाला कोनत्या महिन्यात तोडत होती तू? पिवळा रस कवा येते?"

"काऊन? तुह्या मशिनीले हिरवा चालत नाही काय?"

"गुनच येत नाही त्याले. दोनशे चौदा औषधं बनवली मी."

"म्हंजे दोनशे चौदा नवरदेव दाखवले, अन् पोरगी एकालेबी हो म्हनली नाही." आत्या पदरात हसली. "अन् पगार चालूच?"

"हासू नको. नोकरी जाऊन राह्यली माही. तीनशे उंदरांले जखमा करून लेप लावला."

"मंग? सुकल्या?"

"चिघळल्या."

आत्याचं हसू विझलं. शेखरनं सोबत आणलेली रिकामी पिशवी उचलली.

"नाल्यावर तरी चाल. उरलेली झुडपं मुळासकट नेतो. मुळातच असन पिवळेपना."

"खाली बस." आत्यानं त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. "गुन जाते म्हनून आजवर कोनाले बोलली नाही. आता जाते तं जाऊ दे. पाला निस्ता गार वाटावा म्हनून होता, बापा. दवाखान्यातला रंगराव कंपाउंडर मले कॅप्सुला देत होता. त्या फोडून त्याच्यातली पिवळी भुकटी मी लेपात कालवत होती."